सटवाईचा दुसरा शेवट

कांचन, तुझ्या प्रकाशकांचा फोन आला होता. मी तेव्हा कुकर लावला होता आणि शिट्ट्यांमध्ये त्यांचं अर्धं बोलणं गेलं, पण मुद्दा कळला. ‘सटवाईची रजा’ची पहिली आवृत्ती संपली, दुसरी छापायला घ्यायची आहे, आणि तू त्यांच्याकडे शेवटच्या प्रकरणाचे दोन खर्डे देऊन ठेवले आहेस. एक जुना, ज्यात सटवाई परत कामावर जाते. एक नवा, ज्यात ती जात नाही. कोणता घ्यायचा असं त्यांनी तुला विचारलं होतं म्हणे, तर तू म्हणालीस, सायली सांगेल तो. ‘‘तर आता आपण सांगा,’’ ते म्हणाले, ‘‘शुक्रवारी छपाईला जातंय.’’

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. तू कुठल्या गावची, काय शिकलीस, कशाने गेलीस, हे सगळं तुझ्या नितीनने ग्रुपवर लिहिलं आणि त्याखाली लोकांनी हात जोडले. मीही जोडले. पण त्यात तू कुठेच नव्हतीस. नितीन नवरा म्हणून सोन्यासारखा आहे, पण त्याने लिहिलेली किराण्याची यादीसुद्धा वाचवत नाही, असं तूच म्हणायचीस. मी ठरवलं होतं की आता काही दिवस शांतपणे रडायचं. तर तू मला काम लावून गेली आहेस, तेही मुदत घालून.

आपली ओळखही अशीच झाली होती, माझी परवानगी न घेता. हडपसरहून हिंजवडीला जाणारी कंपनीची सकाळची बस. मी खिडकीशी बसायचे आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवायचे. ती पिशवी म्हणजे पाटीच होती, इथे बसू नये, आणि आख्ख्या बसला ती वाचता यायची. तू कंपनीत नवीन, तुझ्या माहेरच्या बाजूच्या लोकांचं असतं तसं मोकळंढाकळं बोलणं. समोर येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘‘सरक जराशी, बसू दे.’’ ओळख ना पाळख, थेट अगं-तुगं. मी म्हटलं, मागे बऱ्याच सीटा रिकाम्या आहेत, आपल्या लक्षात आल्या नसाव्यात. तू म्हणालीस, आल्या ना, पण तिथे कोणी नाही, मग बोलायचं कोणाशी. आणि पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवलीस. कात्रजचा चौक येईपर्यंत मला तुझ्या सासरच्या सगळ्या माणसांची नावं पाठ झाली होती.

तू प्रोग्रॅम लिहिणारी आणि मी टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि पुण्यात वाढल्यामुळे ते मी फुकटही करते. तेव्हा मी इंग्रजीतल्या जाडजूड अद्भुतकथा वाचायचे. ड्रॅगन, जादूगार, तलवारी, बर्फाचे डोंगर. तू एकदा खांद्यावरून डोकावून विचारलंस की हे लोक काय करतात. मी सांगितलं, हे उडतात, आग ओकतात, राज्यं जाळतात. तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, आमच्याकडची सटवाई यांना पुरून उरेल. एकटी येते, कोणाला दिसत नाही, आणि पाचवीच्या रात्री बाळाच्या कपाळावर सगळं आयुष्य लिहून जाते. मी हसले. सटवाई माझ्या लेखी आजीच्या गोष्टीतली, अंगाऱ्याधुपाऱ्यातली. कादंबरीतली नव्हे.

पुढे कधीतरी, वाकडच्या पुलाखाली बस हलायचं नाव घेईना तेव्हा, तू खिडकीकडे बघत सांगितलंस की तुला एक मुलगी झाली होती. पाचवीच्या आधीच गेली. तुझ्या आईने कागद आणि पेन आणून ठेवलं होतं. तेवढंच बोललीस, मग डबा उघडलास आणि मला भाकरीचा तुकडा दिलास. मी भाकरी खाल्ली. तू नंतर म्हणालीस की त्या दिवशी मी काही बोलले नाही हे बरं केलं.

मग ईरा झाली. माझ्या मुलीची पाचवी करायची की नाही यावरून आमच्याकडे बैठक भरली होती. मी म्हणत होते, कशाला. आई म्हणत होती, तुझं काय जातंय, तू नुसती पडून राहा. हडपसरच्या फ्लॅटमध्ये पाटा-वरवंटा कुठला, तर आईने पोळपाटावर आणि लाटण्यावर भागवलं. संध्याकाळी तू आलीस. मावशीने मला बाजूला घेऊन कुजबुज सुरू केली की हिचं असं झालेलं, आणि आजच्या दिवशी हिला बाळाजवळ. आईने ते ऐकलं. ती म्हणाली, ‘‘मांजरीच्या रेल्वे फाटकापासून ट्रॅफिकमध्ये उभी होती ती. आधी तिला पाणी द्या, शकुन नंतर बघू.’’ तू पाणी प्यायलीस, हात धुतलेस, आणि आईने मांडलेलं नीट पाहून घेतलंस. मग पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवलंस, नाहीतर बाईचा खोळंबा होईल म्हणून.

सगळे जेवायला गेले तेव्हा तू माझ्या पायाशी बसून होतीस. कोऱ्या कागदाकडे बघत म्हणालीस, ‘‘माह्याकडे काहून नसन आली ही? रजेवर होती का?’’

माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘‘पण रजा मंजूर कोणी केली?’’

बोलले आणि जीभ चावली. तू माझ्याकडे पाहिलंस आणि हसायला लागलीस. इतकी हसलीस की ईरा जागी झाली, आणि मग ती रडत होती आणि तूही. मला ते हसणं आणि ते रडणं वेगळं करता येईना. मी तुझा हात धरून ठेवला. कादंबरी तिथे सुरू झाली, हे तू मुलाखतीत कधी सांगितलं नाहीस. मीही आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

तू कादंबरी फोनवर लिहिलीस, अंगठ्याने, बसमध्ये. इतर लोक झोपायचे, नाहीतर कानात गाणी घालून बसायचे. तू कात्रजच्या चौकापर्यंत प्रकरण संपवायचीस, मध्ये फोन वाजू नये म्हणून रेंज बंद करून, आणि चौक ओलांडल्या ओलांडल्या मला पाठवायचीस. हिंजवडी येईपर्यंत मी वाचायचं. संध्याकाळी परतताना निकाल. आपण ऑफिसची पद्धत लावली होती. मी चूक काढली की ती माझ्या नावावर उघडी राहणार. तू ‘दुरुस्त केलं’ म्हणू शकतेस किंवा ‘हे असंच हवं आहे’ म्हणू शकतेस, पण बंद करायचा अधिकार माझा. तुला ही पद्धत फार आवडायची, कारण ऑफिसात तुझं कोणी इतकं बारकाईने वाचत नव्हतं.

ज्यांनी पुस्तक वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. हो, हे इतर लोकही वाचतील, तुझ्याशी खाजगीत भांडायची सोय आता उरली नाही. सटवाई कंटाळते. युगानुयुगं रोज नवी कपाळं, एक सुटी नाही, वर लोक बोलणार की सटवाईने हेच लिहिलं आमच्या नशिबात. ती रजेचा अर्ज टाकते. इंद्र तो फेटाळतो. मग ती न सांगता निघून येते आणि हडपसरला मुलींच्या वसतिगृहात एक कॉट घेऊन राहते. त्या काळात जन्मलेल्या मुलांची कपाळं कोरी राहतात. त्यातली बरीच मुलं जगत नाहीत, कारण त्यांच्यासाठी काही लिहिलेलंच नसतं. पण मुक्ता नावाची एक मुलगी जगते, मोठी होते, शाळेची व्हॅन चालवते, आणि तिच्या आयुष्यात काय होणार हे कोणत्याच देवाला ठाऊक नसतं. म्हणून सगळे देव तिला आणि सटवाईला शोधत पुण्यात उतरतात.

तुझे देव मला आवडले, कांचन. हे मी तुला नीट सांगितलं नाही, कारण माझं काम चुका काढायचं होतं. वरुण मांजरीच्या नव्या इमारतींना टँकर पुरवतो आणि स्वतःच्याच पाण्याची कमतरता बघून खजील होतो. वायू हिंजवडीच्या चौकात अडकतो आणि आयुष्यात पहिल्यांदा थांबणं म्हणजे काय ते शिकतो. अग्नी एका मिसळवाल्याच्या भट्टीवर कामाला लागतो आणि तिथेच रमतो, कारण यज्ञात त्याला कोणी ‘झकास’ म्हटलेलं नसतं. हे वाचताना मी बसमध्ये मोठ्याने हसायचे आणि तुला दिसू नये म्हणून खिडकीकडे वळायचे. तुला ते दिसायचंच.

आणि तुझा म्हसोबा. उसाच्या कडेला शेंदूर लावलेला दगड, मागे नमुना फ्लॅटचा झेंडा, पुढे रस्त्याची आखणी. आकाशातून आलेल्या देवांना कोणी ओळखत नाही, पण म्हसोबाला रस्त्याचा ठेकेदारसुद्धा वळसा घालून जातो. सटवाई कुठे आहे ते फक्त त्याला माहीत असतं आणि तो कोणालाही सांगत नाही. एका दुपारी ती त्याच्यापाशी येऊन बसते, तेव्हा तो म्हणतो, ‘‘बाई, लोक शेंदूर लावत्यात तवर मी हाय. तू तर लिवून निघून जातीस. तुला कोन बघतंय?’’ त्यावर सटवाई नुसती त्याच्यावरची वाळलेली फुलं काढते. मराठीत देवांवर मी पुष्कळ वाचलं आहे. एका देवाने दुसऱ्याची फुलं काढलेली मी कुठे वाचली नव्हती. त्या पानापाशी मी थांबले आणि मला तुझा हेवा वाटला, आणि मग तू माझ्या शेजारी बसतेस याचा अभिमान वाटला.

आता बाकीचंही बोलते, नाहीतर तू म्हणशील मी गेल्यावर ही गोड झाली. इंद्र मला आवडला नाही. टायवाला साहेब, मीटिंगा, मूल्यमापन, ‘आपण हे ऑफलाइन बोलू’. तो विनोद पहिल्या पानावर चालतो, नंतर दमतो. गंमत म्हणजे रजा मंजूर करणारा साहेब माझ्याच बोलण्यातून आला होता, त्यामुळे मला फार तोंड नव्हतं. मधली लढाई लांबली. उसाच्या शेतात देव आणि गण लढतात तिथे कोण कोणाला मारतंय ते कळत नाही, आणि मला वाटतं तुलाही कळत नव्हतं. ड्रॅगनवाल्या पुस्तकांत लढाई असते म्हणून तू ती घातलीस. मी तसं म्हटल्यावर दोन दिवस तू माझ्याशी फक्त हवामानावर बोललीस.

आणि चंद्र. संकष्टीच्या दुसऱ्याच रात्री तुझी मुक्ता पौर्णिमेच्या चांदण्यात व्हॅन चालवत सासवडला जाते. मी देवधर्म करत नाही, पण माझी आई संकष्टी धरते आणि चंद्र दिसतोय का ते बघायला मलाच गच्चीत पिटाळते. मी तुला म्हटलं, बाई, पौर्णिमा आधी होते, संकष्टी मग येते. कुठलाही पुणेकर हे पान फाडून तुला परत पाठवेल. तू दुरुस्त करायला हवं होतंस. तू काय केलंस, तर एक ओळ वाढवलीस: सटवाई रजेवर गेलेली पाहून चंद्रही मन मानेल तेव्हा उगवू लागला होता. असे चूक पचवणारे लोक मी ऑफिसात पुष्कळ पाहिलेत. पण चुकीतून इतकी देखणी ओळ काढलेली पहिल्यांदाच पाहिली. ती तक्रार मी तिथल्या तिथे बंद केली, मान खाली घालून.

पुस्तक आल्यावर त्या कार्यक्रमात एक गृहस्थ उठले होते, आठवतं? इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. म्हणाले, ‘‘आपण देवांना कामाला लावलंत, उत्तम. आता देवळात कोणी जायचं की ऑफिसातच ओवाळायचं?’’ लोक हसले. तुझा चेहरा उतरला. तुला असं वरवर गोड आणि आतून टोचणारं बोलणं कधी जमलं नाही आणि कधी सोसलंही नाही. मग मी उठले आणि म्हटलं की काका, या बाईने देवांची चेष्टा केलेली नाही, त्यांना शेजारी म्हणून आणलंय, आणि आपण शेजाऱ्यांशी कसं वागतो ते आता दिसलंच. परतताना रिक्षात तू म्हणालीस की तू तर माझी वकील निघालीस. मी म्हटलं, बाहेर तुझी, बसमध्ये सरकारी. तेव्हाही मला इंद्र आवडत नव्हता.

पण खरं भांडण शेवटावर होतं. मला तो शेवट पटला नाही. सगळी कादंबरी तू सटवाईला मोकळं करत आणलीस. मुक्तासारखी पोर उभी केलीस, जिचं कपाळ कोरं आहे आणि म्हणून जिचं आयुष्य तिचं स्वतःचं आहे. आणि शेवटी सटवाई आपणहून परत कामावर रुजू होते. मी म्हटलं, मग बंड कशाला केलं तिने, भर उन्हात हडपसर बघायला? ती परत गेली म्हणजे आता एकही मुक्ता जन्माला येणार नाही. तू आपल्याच नायिकेला फसवलंस. तू म्हणायचीस, एक मुक्ता जगली ती तुला दिसते, बाकीच्या नाही जगल्या त्या दिसत नाहीत. मी म्हणायचे, त्या लिहिलं नाही म्हणून गेल्या हे तू ठरवलंस, कथेत दुसरी वाट काढता आली असती. तू म्हणायचीस, हे असंच हवं आहे. मी तक्रार पुन्हा उघडायचे. किती वेळा उघडली ते आठवत नाही. टाळेबंदीत बस बंद होती त्या काळात आपण हेच भांडण फोनवर केलं.

त्या बाकीच्यांमध्ये एक कोण होती, ते आपल्या दोघींना माहीत होतं. त्यावर आपण कधी बोललो नाही. तूच पहिल्या प्रकरणाला मला बजावलं होतंस की माझ्या पोरीला मध्ये आणायचं नाही, तू वाचताना फक्त टेस्टर. मी शब्द पाळला. मी सटवाईच्या वागण्यातली विसंगतीच बोलत राहिले, कारण तुला तेच हवं होतं. दया करणारे तुला घरीदारी भरपूर भेटले होते. तुझ्याशी भांडायला कोणी नव्हतं.

दवाखान्यात तुला शेवटचं भेटायला आले ती दुपार होती. नितीन औषधं आणायला खाली गेला होता. खुर्चीवर कपडे ठेवलेले होते, तर तू पाय आवरून घेतलेस आणि मला कॉटवरच जागा केलीस. बारीक झाली होतीस. फोन उशाशी होता. म्हणालीस की दुसरा शेवट लिहिला, त्यात सटवाई परत जात नाही. मी विचारलं, का लिहिलास?

‘‘तुह्यासाठी,’’ तू म्हणालीस. ‘‘इतके वर्षं भांडून राहिली तू. थकली असशील.’’

मी म्हटलं, मी अजिबात थकलेले नाही. तू हसलीस. मग डोळे मिटून म्हणालीस, ‘‘पाह्य तू. कोणता ठेवायचा ते तूच ठरव. मले आता प्रूफ तपासणं होत नाही.’’

मी म्हटलं, बरी हो आणि स्वतः तपास, मी काही तुझी नोकर नाही. हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. तुला ते चालण्यासारखं होतं हे मला माहीत आहे. तरी त्यानंतर एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि ते मी जिन्यात, नितीनला वाट देताना, मनातल्या मनात बोलले. ते असं होतं की तुझं पुस्तक फार चांगलं आहे.

प्रकाशकांचा फोन झाल्यावर मी दोन्ही शेवट वाचायला घेतले. आधी नवा. पहिल्यांदा तर मला आनंदच झाला. मी म्हणत होते ते सगळं त्यात होतं. सटवाई आपलं पेन मुक्ताच्या हातात देते आणि सांगते, ‘आता मला परत जाता येणार नाही. कुणाच्याही कपाळावर लिहिण्याचा अधिकार कुणालाच नसतो.’ मग ती उसातून चालत निघून जाते. एकही चूक नाही. विसंगती नाही. सभागृहात वाचलं तर टाळी पडेल. मी पान उलटलं आणि परत पहिल्या ओळीपासून वाचलं, तेव्हा लक्षात आलं की ही सटवाई माझ्यासारखी बोलते आहे. बसमध्ये मी तुला ऐकवलेली वाक्यं, माझ्याच शब्दांत, माझ्याच ठसक्यात. आख्ख्या पुस्तकभर तुझ्या माहेरचं बोलणारी बाई शेवटच्या पानावर पेठेतली झाली होती. म्हसोबाची आठवणही तिला येत नव्हती. आजारी माणसाने मला द्यायला म्हणून हे लिहिलं होतं, मला हवं तसं, मला आवडेल तसं. मी फोन पालथा ठेवला आणि खूप रडले. ईरा विचारत होती काय झालं, तर मी सांगितलं, कांचनमावशीने माझं ऐकलं.

मग जुना वाचला. याआधी मी तो भांडण्यासाठीच वाचला होता, त्यामुळे नीट वाचलाच नव्हता असं म्हणायला हरकत नाही. सटवाई हडपसरच्या सरकारी दवाखान्यात येते. जनरल वॉर्ड, एका कॉटवर एक बाई बाळाला घेऊन जागी बसलेली. तिला सटवाई दिसत नाही. सटवाईच्या हातात पेन आहे, पण ते ती लगेच काढत नाही. आधी म्हणते, ‘‘उशीर झाला वं माय. सरक जराशी, बसू दे.’’ आणि ती आई सरकते. आपण का सरकलो ते तिला कळत नाही. पुस्तक तिथे संपतं. कपाळावर काय लिहिलं ते तू सांगितलेलंच नाहीस, आणि इतकी वर्षं मी तुझ्याशी त्या लिहिण्यावरून भांडत होते.

मी प्रकाशकांना फोन केला आणि जुना ठेवा म्हणून सांगितलं. ते जरा बिचकले. म्हणाले, ‘‘पण नवा जास्त पुरोगामी आहे हो. आणि तो आपल्याला आवडतो, असं त्या म्हणाल्या होत्या.’’

‘‘आवडतो,’’ मी म्हटलं. ‘‘पण तो माझा आहे. पुस्तकावर नाव तिचं आहे.’’

त्यांनी विचारलं की आणखी काही दुरुस्त्या? मी म्हटलं, नाही. लढाई ठेवली. इंद्रही ठेवला, वाचक घेतील सोसून. चंद्राला तर मी हात लावणारच नव्हते.

गैरसमज नको. मला तो शेवट अजून पटलेला नाही. सटवाईने परत जायला नको होतं, आणि मुक्ताचं पुढे काय, याचं उत्तर तू दिलेलं नाहीस. आमच्या धंद्यात एक रीत आहे, तुला माहीत आहे. कधी कधी दोष माहीत असतो, टेस्टरला तो मान्य नसतो, तरी काम लोकांपर्यंत जाऊ देतात, आणि दोष टेस्टरच्या नावावर उघडा राहतो. तसं केलं आहे. तक्रार बंद केलेली नाही. बंद केली तर उद्यापासून तुझ्याशी बोलायला माझ्याकडे काय उरेल?

बस आता आठवड्यातून काहीच दिवस असते. तू गेल्यापासून मी शेजारच्या सीटवर परत पिशवी ठेवायला लागले होते. कोणी बसू नये म्हणून, आणि तिथे दुसरं कोणी बसलेलं मला बघवलं नसतं म्हणून. नव्या मुली यायच्या, पिशवी बघायच्या आणि मागे जायच्या. आज सकाळीही ठेवली, सवयीने. मग गाडीतळाच्या पुढे बस थांबली, कोणीतरी चढलं. कोण ते मी पाहिलंही नाही. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे जराशी सरकले.